अर्धी कौलारू, अर्धी पत्र्याची

लोक लोणावळ्याला धुकं बघायला जातात. धबधब्यात भिजतात, भाजलेलं कणीस खातात आणि चिक्कीचे पुडे घेऊन परततात. मी गेले होते एक छप्पर बघायला, आणि ते घातलं होतं माझ्या व्याह्यांनी. त्यामुळे निघतानाच माझा चेहरा सहलीला चाललेल्या बाईचा नव्हता.

आधी भांडण सांगते, म्हणजे प्रवास कळेल.

बार्शीच्या मंडईत मधल्या खांबाजवळचा ओटा माझा आहे. कोथिंबिरीची एक पाटी घेऊन मी मंडईच्या दाराबाहेर उन्हात बसायला लागले, तेव्हा माझी मंगल तान्ही होती. दाराबाहेरून आत, आतल्या कोपऱ्यातून मधल्या खांबाशी यायला मला अर्धं आयुष्य लागलं आणि त्यातली एक वीतही कोणी फुकट दिली नाही. आमच्या मंडईचं छप्पर जुनं, कौलारू, मध्ये उंच. अगदी शिखरावर आणखी एक छोटं छप्पर आहे, टोपीसारखं. त्याच्या खालच्या फटीतून गरम हवा निघून जाते. मे महिन्यात बाहेर डांबर वितळतं, पण माझी कोथिंबीर संध्याकाळपर्यंत मान टाकत नाही. शिवाय कौलाखाली आवाज घुमत नाही. मी खांबाला पाठ टेकून मेथीचा भाव सांगितला, की तो बटाट्याच्या रांगेपर्यंत नीट पोहोचतो. माझा निम्मा धंदा त्या छपरावर आहे आणि निम्मा माझ्या घशावर.

नातवाच्या बारशाला माझे व्याही किसनभाऊ वराळ्याहून आले. पत्र्याच्या शेडी उभारणं हा त्यांचा व्यवसाय. तळेगावच्या आसपास कारखाने आणि गोदामं वाढली तसे तेही वाढले. बारशाच्या दुसऱ्या दिवशी मी मोठ्या कौतुकाने त्यांना मंडई दाखवायला नेलं. त्यांनी माझा ओटा बघितला नाही, कोथिंबीर बघितली नाही. मान वर करून छप्पर बघितलं आणि आमच्या व्यापारी संघाच्या अध्यक्षांना म्हणाले, "अध्यक्ष, ह्ये किती दिस टिकायचं? पत्रा टाका की. मधले खांब बी निघत्याल, जागा मोकळी हुईल."

मधले खांब म्हणजे माझा खांब. खांब गेल्यावर मधला ओटा कुठला आणि कडेचा कुठला?

त्या दिवसापासून आमच्या मंडईला पत्र्याचं वेड लागलं. शाळेतल्या पोरांच्या चेंडूंनी कौलं फुटतात म्हणून बटाटेवाला पत्र्याच्या बाजूने गेला. दर उन्हाळ्यात कौलं फेरायचा, म्हणजे उतरवून पुन्हा रचायचा, खर्च नको म्हणून कांदेवाले गेले. आमच्या संघाची रीत अशी, की सगळे ओटेवाले हो म्हटल्याशिवाय छपराला हात लावायचा नाही. एकेक करून सगळे हो म्हणाले. राहिले मी एकटी. आणि मी काय बोलणार? व्याह्यांशी भांडता येत नाही. मुलगी त्यांच्या घरात आहे. नाही म्हटलं तर मंडई म्हणणार, बाईला व्याह्यांचं बरं बघवत नाही. हो म्हटलं तर छप्पर जाणार. दोन वर्षं मी हा राग असा सांभाळला, की तेवढ्यात लोणचंसुद्धा मुरून जातं. शेवटी अध्यक्षांनी बैठक लावली आणि माझ्याकडे हो की नाही मागितलं. मी म्हणाले, "त्यांनी लोणावळ्याच्या मंडईवर पत्रा घातलाय म्हणतात. तो बघून येते. मग सांगते."

वराळे

वराळ्याला उतरले तेव्हा पाऊस पडत होता. आमच्याकडे पाऊस आला तर माणसं हातातली कामं टाकून बाहेर येऊन बघतात. इथे कोणी मान वर करत नव्हतं. एक बाई पावसातच रस्त्यावर उभी राहून फोनवर कोणाला तरी आमटीची कृती सांगत होती.

किसनभाऊंचं घर दुमजली आहे. एका बाजूला भाताचं खाचर, दुसऱ्या बाजूला उंच इमारतींची नवी वसाहत. गच्चीवर पत्रा, गोठ्यावर पत्रा, गाडीवर पत्रा. अंगणात तुळशीवृंदावनावरसुद्धा चार दांड्यांवर एक छोटा निळा पत्रा होता.

"पावसानं तुळस सडती ओ," किसनभाऊंनी मी न विचारताच सांगितलं. "या या विहीणबाई. वाटंत तरास न्हाई ना झाला?"

"नाही हो, छान झाला प्रवास," मी म्हणाले. एसटीत एका गृहस्थाने त्याची पत्र्याची ट्रंक माझ्या पायावर ठेवली होती. पण आल्या आल्या पत्र्याची तक्रार नको, म्हणून मी ती गिळली.

स्वयंपाकघरात मंगलने मला कोपऱ्यात घेतलं. "आई, तू काही बोलणार नाहीस ना मामंजींना?"

"मी कशाला बोलू?"

"तुझं नाक लाल झालंय."

"थंडी आहे इथे."

"मला नको सांगूस. मेथीवाल्याला हाकलताना असंच होतं तुझं नाक."

जेवायला भाकरी होती, पण तांदळाची. पांढरीशुभ्र आणि मऊ, जणू आजारी माणसासाठी केलेली. आमच्या ज्वारीच्या भाकरीला एक दणकटपणा असतो. ती ताटात पडली की आवाज येतो. सोबत भारंगीची पानं चिरून केलेली कडसर भाजी आणि इंद्रायणी तांदळाचा भात. हा तांदूळ किसनभाऊंच्या मूळ गावचा, वडिवळ्याच्या शेतातला. भात इतका चिकट, की घास बोटं सोडत नाही, पण त्याचा वास असा होता, की मी दुसऱ्यांदा मागून घेतला आणि मग स्वतःवरच चिडले. घर सगळं माळकरी. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही.

"उद्या मंडई दावतो तुमाला," किसनभाऊ ताक ओतून घेत म्हणाले. "बगा आनि सांगा. पत्रा कसा वाटतो?"

"छान असेल," मी म्हणाले. विहीण दुसरं काय म्हणणार?

रस्त्यात

सकाळी त्यांच्या टेम्पोतून निघालो. तळेगाव, वडगाव, कामशेत. जुन्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खाचरांत भाताची लावणी चालू होती. डोक्यावरून प्लास्टिकची खोळ घेतलेल्या बाया ओळीने वाकलेल्या, गुडघाभर चिखलात, आणि तरी मोठमोठ्याने हसत होत्या. मला थांबून बघायचं होतं. किसनभाऊंना वेगळंच दाखवायचं होतं.

"ती निळी दिसली का? आपली. त्ये हिरवं गोदाम? आपलं. ती पांढरी न्हाई आपली, बगा कशी कंबरंत वाकलीय."

असं करत करत माणूस मला पूर्ण मावळ दाखवत होता, पण फक्त वरून. डोंगर, धुकं, नदी, काही नाही. कार्ल्याच्या लेण्यांकडे जाणारा फाटा आला तेव्हा मी म्हणाले, "लेणी जुनी आहेत म्हणतात." किसनभाऊंनी मान हलवली. "दगडात हायत. त्येला छप्पर लागत न्हाई." त्या जागेत त्यांना तेवढीच त्रुटी दिसत असावी.

मंडई

लोणावळ्याला पोहोचलो तेव्हा पाऊस थांबून नुसतं धुकं होतं. बाजारपेठेत चिक्कीच्या दुकानांची रांग. एका दुकानात मी सवयीने भाव पाडून मागितला. दुकानदाराने मला बोटाने भिंतीवरची पाटी दाखवली: एकच भाव. माझी तब्येत तिथेच बिघडली. किसनभाऊ टेम्पो लावायला गेले आणि मी एकटीच मंडईत शिरले. बरं झालं. बघायची गोष्ट विकणाऱ्याशिवाय बघावी.

पश्चिमेकडून आत जाताना मला वाकावं लागलं. इतक्या खाली वळचण, की उंच माणसाने डोकं आपटावं. मला वाटलं, बांधणाऱ्याला मापं घेता येत नसावीत. पत्र्याखालून पुढे कौलांखाली आल्यावर भाजी विकणाऱ्या इंदूमावशी भेटल्या. वयस्कर, कपाळभर कुंकू, डोक्यावर स्कार्फ, अंगात नवऱ्याचा स्वेटर. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "हितला पाऊस वरनं येत न्हाई बाई, आडवा येतो. वळचण उंच क्येली तर भाजीऐवजी मासं विकावं लागत्याल."

मग मी नीट बघायला लागले. ओटे दगडी, पुढे किंचित उतरते, म्हणजे भाजीवर मारलेलं पाणी आपोआप मधल्या चरात जातं. चर पूर्वेला मासळीच्या ओट्यांकडे जातो आणि तिथून बाहेर. माशाचं पाणी भाजीकडे कधीच येत नाही. छपराच्या शिखराशी आमच्यासारखीच टोपी, पण तिला लाकडी झडपा. पाऊस आला की दोरी ओढून बंद करायच्या. आणि खांब! बिडाचे, गोल, हिरवा रंग लावलेले. मी खांबाला टेकले तर तो बर्फासारखा गार.

"कान लावा त्येला," इंदूमावशी म्हणाल्या.

कान लावला. आत पाणी पळत होतं. खांब पोकळ होते. छपराचं पाणी पन्हळीतून खांबात आणि खांबातून थेट जमिनीखालच्या गटारात. बाहेरून बघणाऱ्याला पत्तासुद्धा नाही. मी आयुष्यात कोणत्याही खांबाचा हेवा केला नव्हता. त्या दिवशी केला.

"कोणी बांधली ही मंडई?" मी विचारलं आणि मोठी चूक केली.

"विंग्रजानं," इंदूमावशी म्हणाल्या. "घाटात रेल्वे क्येली तवा खांब उरलं. त्ये हितं लावलं."

"कशाचं उरलं!" समोरचा लसूणवाला ओरडला. "पारशी शेठनं बांधली. त्येचा बंगला हुता वर. त्येला ताजी अंडी मिळंनात म्हनून."

"अंड्यासाठी मंडई?" मी म्हणाले.

"पैशावाल्याचं काय सांगावं? आमच्या आज्यानं सोताच्या डोळ्यानं बगितलंय त्या शेठला."

"तुजा आजा आंधळा हुता," मावशी म्हणाल्या.

"मागनं झाला!"

मासळीकडून तिसरीच बातमी आली. कोणी म्हणालं गावकऱ्यांनी वर्गणी काढून बांधली आणि इंग्रजाने फक्त फीत कापली. हा वाद इतका जुना होता, की प्रत्येकाला दुसऱ्याचं वाक्य पाठ होतं. एक विसरला तर दुसरा आठवण करून देत होता. खरं काय ते मला कळलं नाही, आणि त्यांना कळून घ्यायचं नव्हतं. मिटवून टाकलं तर पावसाळाभर बोलायचं काय?

एवढं मात्र सगळ्यांना मान्य होतं: मागे एका वादळात शेजारच्या झाडाची भली मोठी फांदी पडली, पश्चिमेकडचं निम्मं छप्पर बसलं, आणि त्या निम्म्यावर किसनभाऊंनी पत्रा घातला. म्हणून ही मंडई अशी, मधल्या ओळीपासून अलीकडे कौलं आणि पलीकडे पत्रा.

"कोणतं बरं?" मी विचारलं. मला हवं ते उत्तर मिळावं म्हणून आवाज गोड केला होता.

"पत्रा गळत न्हाई," लसूणवाला म्हणाला. "माकडं कौलं फोडत्यात, पत्र्यावर नुसती घसरत्यात. लय मजा येती बगायला."

"उनाळ्यात तितं बसवत न्हाई, त्ये सांग की!" इंदूमावशी म्हणाल्या. "दुपारी समदी आपापल्या पाट्या उचलून आमच्याकडं येत्यात, पावण्यावानी."

मला हेच हवं होतं. लोणावळ्यासारख्या थंड गावात दुपारी बसवत नसेल, तर बार्शीत माझ्या कोथिंबिरीचं काय होईल? मी मनात बैठकीतलं भाषण जुळवायला लागले.

"पर पावसाळ्यात पत्र्याखाली धंदा झ्याक," लसूणवाला खट्याळ हसला. "घासाघीस बंद!"

"म्हणजे?"

"कळंल. आला बगा."

पत्र्याखाली

पाऊस आला तो चालत आला नाही, कोसळला. मी नुकतीच पत्र्याच्या बाजूला सरकले होते. वरून कोणीतरी खडीचे ट्रक ओतायला लागलं असं वाटलं. माझ्या शेजारची बाई शिंकली ते मला दिसलं, ऐकू आलं नाही.

आणि मग मी एक नवल बघितलं. सगळ्या पत्र्याखालच्या मंडईने तोंड मिटलं आणि हात वर केले. बोटं भाव सांगत होती. गिऱ्हाईक बोट दाखवी, विकणारा बोट दाखवी, पैसे, पिशवी, संपलं. कोणी कमी करून मागितलं तर विकणारा एक बोट वर, पत्र्याकडे करी. याचा अर्थ, पाऊस आहे, बोलता येत नाही, म्हणून एकच भाव. ज्याला घासाघीस करायची असेल त्याने कौलाखाली जावं. आणि खरंच, हट्टी गिऱ्हाइकं पिशव्या घेऊन पलीकडे चालली होती.

मलाही जायला हवं होतं. पण दाराशी एक डोंगराकडची बाई टोपलीत जिवंत खेकडे घेऊन बसली होती, ओल्या पानांखाली, काळे, तुरुतुरु. भाताच्या खाचरातले. आमच्याकडे असं काही दिसत नाही. मला घ्यायचे नव्हते. पण भाव विचारल्याशिवाय मी मंदिरातली घंटासुद्धा वाजवत नाही. मी हाताने 'कसे?' केलं. तिने बोटं दाखवली. मी निम्मी दाखवली. तिने पत्र्याकडे बोट केलं. मी आणखी एक बोट वाढवलं. तिने पुन्हा पत्र्याकडे. माझं डोकं फिरलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी कोणी घासाघीस करत होतं ते वर बोट करून! आमच्या मंडईत सौदा मोडला की मूठ मिटून दाखवतात: बास, नको. मी मूठ मिटून तिच्या तोंडासमोर धरली.

बाईचा चेहरा फुलला. तिने भराभर टोपलीवर फडकं बांधलं आणि अख्खी टोपली माझ्या हातात ठेवली.

इथे मूठ म्हणजे 'सगळं माझं'.

मी मान हलवली, हात हलवले, दोन्ही कान धरले. आजूबाजूचे दुकानदार हसत माझ्याकडे बघत होते आणि प्रत्येक जण मूठ मिटून मला दाखवत होता. दाखवलेली मूठ मागे घेत नाहीत, एवढं मला न सांगताही कळलं. बाजारातली बाई मी. शब्द फिरवता येतो, पण तोंडाने बोललेला. मी पैसे दिले.

तेवढ्यात समोर किसनभाऊ. भिजलेले, पण तोंडावर एवढं समाधान, की जणू पाऊसही त्यांनीच बसवला होता. त्यांनी वर पत्र्याकडे हात केला आणि काहीतरी बोलायला लागले. ओठ हलत होते. शब्द एकही नाही. नक्की पत्र्याची तारीफ.

माझ्या लक्षात आलं, मला त्यांचं ऐकू येत नाही, म्हणजे त्यांनाही माझं येणार नाही. दोन वर्षांत अशी संधी आली नव्हती. मी तोंडावर हसू ठेवलं, खेकड्यांची टोपली कमरेवर घेतली आणि सुरुवात केली.

"बारशाचे पेढे खाल्लेत आणि माझ्या डोक्यावरचं छप्पर काढायला निघालात! लाज नाही वाटली? मी उन्हात बसून, पोर मांडीवर घेऊन तो ओटा मिळवलाय! जो माणूस स्वतःच्या तुळशीला पत्र्याखाली कोंडतो, तो माझ्या कोथिंबिरीला काय सावली देणार? डोंगर दिसत नाहीत तुम्हाला, नदी दिसत नाही, जिथे तिथे पत्रा! ताक पिऊन मिशा तरी पुसत जा! बुजगावणं!"

किसनभाऊ मान डोलवत होते. त्यांचेही ओठ जोरात चालू होते. मी हसत हसत आणखी पुष्कळ बोलले, त्यातलं सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. इतकं हलकं मला मंगलच्या लग्नानंतर पहिल्यांदाच वाटत होतं. मग मी तशीच डुलत कौलाखाली आले. तिथे पाऊस पडत होता तरी नुसती कुजबुज. माणसाला माणूस ऐकू येत होता.

इंदूमावशी मेथी निवडत होत्या. "झालं का समदं बोलून?"

"काय बोलून?"

"विहीणबाईनं व्याह्याला बुजगावणं म्हनावं? बया बया!"

मी टोपली खाली ठेवली. "तुम्हाला ऐकू आलं?"

"ऐकू कशाला याया पायजे? वरसं झाली त्या पत्र्याशेजारी बसून. ओठावरनं कळतं आमाला. हितल्या समद्यास्नी कळतं." त्यांनी लसूणवाल्याकडे मान केली. तो मिशा पुसल्यासारखं करून दाखवत होता.

"पण किसनभाऊंना?" मी कसंबसं विचारलं.

मावशींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "त्यांचा जल्म शेडीत गेला, बाई. दिसभर ठोकाठोक. त्यांच्यासारकं ओठावरचं कुनालाच कळत न्हाई."

परत येताना

टेम्पोत किसनभाऊंनी वाटेतली एकही शेड दाखवली नाही. सीटमागे टोपली खडबडत होती. मला मंगलचा चेहरा दिसत होता. संध्याकाळी किसनभाऊ घरी जाऊन काय सांगणार? उद्यापासून त्या घरात माझी पोर काय तोंडाने वावरणार? छप्पर राहिलं बाजूला. माझ्या घशाने मुलीचं घर मोडायची वेळ आणली होती.

कामशेतच्या अलीकडे किसनभाऊ अचानक ओरडले आणि टेम्पो रस्त्याच्या कडेला घातला. क्लचजवळ एक खेकडा दोन्ही नांग्या वर करून उभा होता. फडक्याची गाठ सुटली होती.

"विहीणबाई, काढा त्येला! मी माळकरी हाय, मला हात लावता येत न्हाई!"

"मलाही भीती वाटते!"

"मग घेतलं कशाला?"

"तुमच्या पत्र्यामुळे!" मी ओरडले. आता लपवण्यासारखं उरलं काय होतं?

ते छत्रीने ढकलत होते, मी फडक्याने धरत होते. शेवटचा खेकडा सीटखालून निघाला तेव्हा आम्ही दोघंही चिखलात गुडघे टेकून बसलो होतो. किसनभाऊ हसायला लागले. आधी मला वाटलं, रडतात.

"तुळशीचं मातर खरं हाय तुमचं," ते म्हणाले. "आमची ही बी त्येच म्हनती."

मी मान खाली घातली. "माफ करा. मंगलचा यात काही—"

"तिचं काय मधी? तिला कशाला सांगतोय मी?" त्यांनी छत्री झटकली. "पर मला एक सांगा. दोन वरसं मी इचारतोय, पत्रा कसा वाटतो, पत्रा कसा वाटतो. तुमी म्हनता छान. आता छान म्हनल्यावर मानूस मागं सरनार हाय का? तुमी भाजी विकता तवा बी आसंच करता?"

"तिथे गिऱ्हाईक माझ्या मुलीचा सासरा नसतो."

"मग गिऱ्हाईकच समजायचं हुतं. मला बरं ग्येलं आस्तं." ते टेम्पोत चढता चढता थांबले. "आनि मी बी तवा पत्र्याखाली तुमाला लय बोललो."

"काय बोललात?"

"आता काय उपेग? तुमाला ओठ वाचता येत न्हाईत."

"सांगा ना!"

"न्हाई."

मी पुष्कळ मागे लागले. आजही त्यांनी सांगितलेलं नाही, आणि माझा राग आता त्याचा आहे.

कडेच्या खाचरात लावणी करणाऱ्या बाया आमचा तमाशा बघत उभ्या होत्या. खेकड्यांची टोपली त्यांना दिली आणि बदल्यात बांधावरच्या करटोल्यांनी ओटी भरून घेतली. आधी त्या मूठभर द्यायला निघाल्या होत्या. पाऊस थांबला होता, बोलता येत होतं, त्यामुळे ते जमलं.

गाडी सुरू करण्याआधी किसनभाऊंनी फोन काढला आणि आमच्या अध्यक्षांना लावला. आवाज मोठा ठेवला, मला ऐकू जावा म्हणून.

"अध्यक्ष, पत्रा न्हाई जमायचा तुमच्याकडं... न्हाई न्हाई, पत्र्यात खोट न्हाई. तुमच्याकडं ऊन लय. भाजी दुपारीच माना टाकंल. आनि आमच्या विहीणबाई पावसापान्याचं गप बसल्या, तर मंडईत गिऱ्हाईक कशाला यील?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले. डोंगरावरचं धुकं थोडं वर सरकलं होतं आणि सगळी खाचरं एकदम चमकायला लागली होती. अध्यक्ष फोनवर काहीतरी विचारत होते.

"व्हय व्हय, कौलं फेरायचं काम बी आमीच करतो," किसनभाऊ म्हणाले. "वासं बदलायचं, फुटकी कौलं काढायची, मानसं आमची. खांबांना हात न्हाई लावायचा. दर सांगू का?"

त्यांनी दर सांगितला.

मी त्यांच्या हातातून फोन घेतला. "अध्यक्ष, मी बोलतेय. तो दर लिहून घेऊ नका." मग किसनभाऊंकडे वळले. "आता सांगा किसनभाऊ, खरा दर काय?"

त्यांनी टेम्पोची किल्ली काढून ठेवली, सीटवर मांडी घातली आणि बाह्या वर सारल्या. मी पदर खोचला.